तिथी बघून पाखरं

पक्षी पाहायचे तर उजाडायच्या आत तळ्यावर हजर व्हायचं, हा आम्हां वाशीमकडच्या पक्षीवेड्यांचा नेम. नऊ वाजले की ऊन चढतं, पाखरं सावलीला जातात आणि आम्ही पोहे खायला. सत्तावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवताना मी मुलांनाही हेच सांगत आले आणि उशिरा येणाऱ्यांना चांगलं फैलावर घेतलं. २०११ सालच्या उन्हाळी सुट्टीत पनवेलला गेले आणि तिथल्या एका मिठागरात माझं हे सगळं ज्ञान उघडं पडलं. त्यानंतर जे घडलं ते परत आल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. आता लोक मला पाहून रस्ता बदलायला लागले, म्हणून लिहूनच काढते.

पनवेलला माझी मैत्रीण रुबिना राहते. तीही शिक्षिका, विज्ञानाचीच. एका प्रशिक्षण शिबिरात आम्ही दहा दिवस एका खोलीत होतो आणि मी रोज पहाटे दुर्बीण घेऊन खिडकीबाहेर लटकलेली पाहून ती पांघरुणातूनच "ताई, पडाल" म्हणायची. नवरा कतारला नोकरीला, मुलगी पुण्याला होस्टेलवर आणि दारात एक स्कूटी, असा तिचा संसार. "आमच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, तुम्ही कधी येणार?" असं तीन वर्षं विचारून विचारून तिचं तोंड दुखलं असेल. अखेर परीक्षेचे पेपर तपासून टाकले त्याच रात्री मी गाडीत बसले.

चैत्र वद्य दशमी, कर्नाळा

पहिला दिवस कर्नाळ्याच्या अभयारण्याला दिला. किल्ल्याचा सुळका वर उन्हात तापत होता आणि खाली झाडीत मात्र गारवा. आमच्याकडच्या पानगळीच्या रानातून आलेल्या माणसाला एप्रिलअखेरीला इतकं हिरवं पाहूनच निम्मं समाधान होतं. आणि तिथे मला भेटला भृंगराज! काळा कुळकुळीत, डोक्यावर तुरा, शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांची फुलं. खाली सातभाईंचं टोळकं पाचोळा उलथापालथा करत होतं. एकाला गलेलठ्ठ नाकतोडा सापडला, आणि त्याच क्षणी वरून शिकऱ्याची शीळ आली. शिकरा म्हणजे छोटा ससाणाच म्हणा. सातभाई बोंबलत झुडपात पळाले. शिकरा बिकरा कुठेच नव्हता. भृंगराजाने खाली येऊन नाकतोडा उचलला आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसला.

"म्हणजे शीळ यानेच घातली?" रुबिनाने विचारलं.

"यानेच."

"या अल्ला! हा तर एक नंबरचा झुटा निघाला."

मी आनंदाने तिच्या पाठीत धपाटा घातला. हे मी पुस्तकात वाचलेलं, वर्गात शिकवलेलं, पण डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होते. रात्री रुबिनाने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण केलं. आम्ही वऱ्हाडातले लोक रश्श्यात तिखट किती हे बघून घाम पुसायला सुरुवात करतो. इथे कालवणात नारळ आणि कोकमाचा आंबटपणा पुढे, तिखट आपलं मागून येतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि उद्या साडेचारला उठायचं म्हणून फर्मान काढलं. रुबिनाचा चेहरा पडला, पण पाहुण्यापुढे ती काय बोलणार.

एकादशी, गव्हाणच्या पुढे

उरण रस्त्याने गव्हाण मागे टाकून आम्ही खाडीच्या बांधावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. मी दुर्बीण डोळ्याला लावली. पाणी. उजवीकडे वळवली. पाणी. तिवरांच्या मुळांपर्यंत पाणीच पाणी आणि ते हळूहळू वर चढत होतं. एका वाशावर एक बगळा मान पोटात घालून बसला होता, बस्स. सूर्य वर आला, साडेसात झाले. रुबिना स्कूटीवर बसून जांभया देत होती आणि मला तिच्याकडे बघायची लाज वाटत होती.

"कालपर्यंत होते हो ताई. बसमधून दिसतात. गुलाबी गुलाबी."

"किती वाजता दिसतात?"

"ते कोण बघतं?"

तेवढ्यात बांधाच्या पलीकडे, जमिनीच्या बाजूला माझं लक्ष गेलं आणि मी ओरडलेच. तिकडे मिठागर होतं. मिठाचे पांढरे चौकोनी वाफे, आणि वाफ्यांआधी एक मोठं उथळ तळं, जवळजवळ आटलेलं. त्या तळ्याच्या कडेला पाखरंच पाखरं उभी होती. चिखले, टिलवे, कुरव, शेपन्नास तरी; बहुतेकांनी एक पाय पोटात घेतलेला, चोच पाठीच्या पिसांत. सगळी झोपलेली! सकाळी साडेसात वाजता झोपलेली पाखरं मी जन्मात पाहिली नव्हती.

"इतक्या मोठ्यान वरडू नका बाय. निजलीत ती."

मिठाच्या ढिगाआडून एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, काटक, काष्टा नेसलेल्या, हातात लाकडी फावडं. रुबिना त्यांना ओळखत होती. तिच्या वडिलांच्या किराणा दुकानात यांच्याच आगरातलं मीठ जायचं. त्यांचं नाव चांगुणाबाई. नवरा गेला, मुलगा बंदरावर कामाला. आजूबाजूची अर्धी आगरं भरावाखाली गेली तरी या एकट्या बाई आपलं आगर चालवतात. रुबिनाने आम्ही काय शोधतोय ते सांगितलं, तेव्हा त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मी भर दुपारी चंद्र शोधते आहे.

"पानी भरलंय नं आता. चिखूल झाकला. मंग पाखरां खातील काय? चिखूल उघडा पडल तवा येतील." मग त्यांनी मला प्रश्न घातला. "आज तिथ कोनची?"

"एकादशी."

"अकराची पाऊनपट काडा."

मी वर्गात मुलांना छळते तसं कुणी मला छळेल असं वाटलं नव्हतं. बोटं मोडून म्हटलं, "सव्वाआठ."

"सव्वाआठला पुरी भरती. तितून सा तासानं सुकती. दोन-सव्वादोनला या, मंग बघा."

सुकती म्हणजे ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, थोडं पुढे-मागे. या किनाऱ्यावरच्या लोकांचं हे घड्याळ. आणि त्याच घड्याळावर पाखरंही चालतात! चिखलातले किडे, शंख, शिंपले ओहोटीला उघडे पडतात, तेव्हा ही मंडळी दिवस असो रात्र असो, जेवायला उतरतात. भरतीला आगरात येऊन झोपतात. सूर्याचा आणि त्यांचा फारसा संबंधच नाही. मी सूर्याच्या गावची, त्यामुळे माझ्या डोक्यात हे येणं शक्यच नव्हतं. रुबिना मात्र माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, "साडेचारला उठवलंत तुम्ही मला."

दुपारी दोनला, डोक्यावर ओढणी आणि तिच्यावर छत्री धरून आम्ही परत आलो. आणि बाप्पा! सकाळी जिथे पाणी होतं तिथे मैलभर चिखल, आणि चिखलावर फ्लेमिंगो. हजार असतील, दोन हजार असतील, मी मोजायचं सोडून दिलं. मान खाली, डोकं उलटं, चोचीचा वरचा जबडा खाली आणि खालचा वर, आणि पाय जागच्या जागी नाचवत चिखल ढवळतायत. ढवळलेलं पाणी जिभेने आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या गाळणीतून बाहेर सोडायचं, आणि आत राहील ते गिळायचं. अख्खा थवा चिखल गाळत होता आणि त्याची बारीक कुजबुज बांधापर्यंत ऐकू येत होती. मी रुबिनाच्या खांद्याला धरून उड्या मारल्या. वय छप्पन.

एवढ्यावर घरी गेलो असतो तर सहल उत्तम झाली असती. पण परतताना चांगुणाबाईंच्या तळ्याकडे पुन्हा नजर टाकली आणि मला शेकाट्या दिसला. काळे पंख, पांढरं अंग, सुईसारखी चोच आणि अंगाच्या मानाने भलतेच लांब गुलाबी पाय. शेकाट्या मला नवा नाही, आमच्या तळ्यावर हिवाळ्यात असतोच. पण हा चालत चालत पाण्याशी गेला, गुडघे मोडून खाली बसला, पोटाची पिसं चिंब भिजवली, उठला, आणि तीस-चाळीस पावलं चालून चिखलाच्या एका उंचवट्यावर अलगद बसला. बसताना ते लांब पाय कसे घडी करून घेतले ते पाहण्यासारखं होतं.

"अंडी!" मी कुजबुजले. "खाली अंडी आहेत, रुबिना. उन्हाने शिजू नयेत म्हणून पोट भिजवून आणतोय."

थोड्या वेळाने मादी आली, नर उठला, आणि दुर्बिणीतून मला चार अंडी दिसली. मातकट, काळे ठिपके, टोकदार बाजू आत. सत्तावीस वर्षांत शेकाट्याचं घरटं मी पहिल्यांदा पाहत होते.

"अवंदा हितंच घातलंन घर," चांगुणाबाई मागून म्हणाल्या. "लालटांगी. आनि हितंच मला पानी घ्यायचंय."

माझा आनंद तिथेच थांबला.

त्यांनी सांगितलं ते असं. समुद्राचं पाणी आधी या तळ्यात साठवायचं, तिथून ते वाफ्यांत जातं, आटतं आणि मीठ पडतं. तळं बांधाच्या आत जरा उंचावर, त्यामुळे रोजची भरती तिथवर चढत नाही. ती चढते फक्त अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला. तळं आता आटलं होतं. चार दिवसांवर अमावस्या. तेव्हा पाणी घेतलं तर वीस दिवसांत मीठ हाती येणार, हंगामाचं शेवटचं. पौर्णिमेपर्यंत थांबलं, तर मीठ पडायच्या आत आभाळ येणार आणि सगळी मेहनत चिखलात जाणार.

"आणि अंडी?" मी विचारलं.

"ती वर घेल नं आपला घर. पानी चढला का काडी-काडी ठेवून वर घेतं."

हेही मी वाचलं होतं, बरं का. पाणी वाढलं की शेकाट्या घरटं उंच करतो, हे पक्ष्यांच्या कुठल्याही जाड पुस्तकात असतं. पण घरटं जेमतेम दोन बोटं उंच, आणि उधाण म्हणजे उधाण. मी मान डोलावली खरी, पण तशी, जशी मी हुशार मुलाच्या चुकीच्या उत्तराला डोलावते.

चतुर्दशी, माझा शहाणपणा

रुबिनाला त्या दिवशी शाळेत निकालाचं काम होतं. मी एकटी रिक्षाने आगरात गेले. चांगुणाबाई कुठे दिसल्या नाहीत. अकरा वाजले होते, ऊन मी म्हणत होतं, आणि माझ्या डोक्यात आदल्या रात्रीपासून एक कल्पना घोळत होती. आमच्याकडे शेतात पाणी शिरू नये म्हणून मातीचा धुरा घालतात. मग घरट्याभोवती एक गोल धुरा घातला तर? पाणी बाहेर, अंडी आत, मिठाचंही नुकसान नाही. इतकी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही याचं मला नवल वाटत होतं.

चप्पल बांधावर काढून मी तळ्यात उतरले. जोडी उडाली, डोक्यावर घिरट्या घालत "किक् किक् किक्" करायला लागली. मी त्यांना "झालं, झालं" म्हणत म्हणत हाताने चिखल थापला. पाऊण हात उंच, घरट्यापासून दोन हातांवर, सुरेख गोल. बांधावर येऊन बसले आणि वाट पाहू लागले.

नर उतरला. धुऱ्याजवळ आला, थबकला, मान वर करून पाहिलं आणि मागे फिरला. मादी आली, तीही फिरली. उघड्यावर घर करणाऱ्या या पक्ष्याला बसल्या जागेवरून चारी दिशा दिसायला हव्यात, कुत्रा-मुंगूस लांबूनच कळायला हवं. भिंतीच्या आत तो बसेल कसा? हेही मी शिकवलेलं आहे. दहा मिनिटं गेली. अंडी उन्हात उघडी. मी उठले तर ती जोडी आणखी बिथरली. आता भिंत पाडायला जावं तर पाखरं आणखी लांब जाणार, न जावं तर अंडी शिजणार. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

"काय केलास गो ह्या?"

चांगुणाबाई फावडं घेऊन तळ्यात उतरल्याच. चार फटक्यांत त्यांनी माझा धुरा सपाट केला आणि न थांबता, मागे न बघता चालत बाहेर आल्या. मला हाताला धरून मिठाच्या ढिगाआड ओढलं आणि खाली बसवलं.

"तुज्या दारात कोनी भिंत बांधली तर जाशील का तू आत?"

मी हातावरचा चिखल खरवडत राहिले.

"शिकलेली ना तू?"

तोपर्यंत मी त्यांची "तुमी" होते. त्या क्षणापासून मी "तू" झाले ती कायमची. मिठाच्या ढिगावरून बोटभर फटीतून आम्ही पाहत राहिलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मादी पाण्याशी गेली, खाली बसली, पोट भिजवलं. चालत आली. माझ्या सपाट झालेल्या चिखलावर थांबली. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि बसली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

चांगुणाबाईंनी फडकं सोडून भाकरी काढली, वर सुकटीची चटणी. वाळवलेल्या बारीक मासळीचा वास मला एरवी सोसत नाही, पण त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी हातावर ठेवली ती मी मुकाट्याने खाल्ली. आणि खरं सांगू, आमच्या ठेच्याच्या तोडीस तोड होती.

"मावशी," मी म्हटलं, "उद्या पाणी घेणारच?"

"घेनार. पन हलू घेन. तीन दिस उधान हाय. एका दिसात घेते ते तीन दिसांत घेन."

मग त्यांनी मला उघाडी, म्हणजे पाणी आत घ्यायची वाट, दाखवली. बांधात दोन दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि खाचांत एकावर एक बसवलेल्या चार लाकडी फळ्या. एरवी त्या तीन फळ्या काढतात, तळं एका भरतीत भरतं आणि त्या मोकळ्या होतात. या वेळी वरची एकच काढायची. पण त्यात धोकाही होता. तिसऱ्या दिवशी वारा फिरला किंवा पाणी कमी चढलं, तर तळं अर्धंच राहायचं आणि हंगामाचं शेवटचं मीठही अर्धंच. हे त्यांनी सांगितलं नाही. रात्री रुबिनाने सांगितलं.

अमावस्या

पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही दहालाच हजर. चांगुणाबाईंनी वरची फळी काढून बांधावर ठेवली आणि खांबाला टेकून बसल्या. साडेदहाच्या सुमारास खाडीचं पाणी फळीच्या काठाशी आलं, थरथरलं आणि पातळ पदर होऊन आत उतरलं. तळ्याच्या तडकलेल्या चिखलातून ते वाट काढत निघालं. भेगांतून बुडबुडे येत होते.

शेकाट्याची मादी बसलेली होती. पाणी दहा पावलांवर आलं, तशी तिने मान उंच केली. पाच पावलांवर आलं आणि ती उठली. तिने खाली वाकून एक वाळकी काडी उचलली आणि पाठीमागे घरट्याकडे टाकली. मग दुसरी. तिकडून नर आला, तोही काडी उचलायचा आणि मान वळवून बाजूला फेकायचा. घरट्यावर आल्यावर ती पोटाखाली चोच घालून अंडी उचलल्यासारखी हलवायची आणि काड्या खाली सारायची.

"करतेय!" मी रुबिनाला चिमटा काढला. "करतेय गं, करतेय!"

"आई गं! ताई, माझा दंड!"

चांगुणाबाई हसल्या सुद्धा नाहीत. ज्यांना माहीतच होतं त्यांनी कशाला हसायचं? संध्याकाळी फळी बसवताना घरटं चार बोटं उंच झालं होतं आणि त्याच्याभोवती दोन बोटं पाणी होतं.

प्रतिपदा

दुसऱ्या दिवशी अडचण वेगळीच आली. घरट्याच्या आसपासच्या काड्या संपल्या. सुकी जमीन पाण्याखाली गेलेली. नर लांब जाऊन रिकाम्या चोचीने परत येत होता. पाणी चढत होतं. मादी चोचीने चिखल ओढून लावायचा प्रयत्न करत होती, पण तो विरघळायचा. मला तळ्यात उडी मारावीशी वाटत होती, म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

चांगुणाबाई उठल्या. बांधावरचं वाळलं गवत त्यांनी विळ्याने कापलं, मूठभर घेतलं आणि उघाडीच्या तोंडाशी, आत शिरणाऱ्या पाण्यावर सोडलं. धारेबरोबर ते तरंगत तरंगत तळ्यात निघालं.

"मावशी, हा पण हस्तक्षेपच झाला," मी म्हटलं. बोलल्यावाचून राहवेना.

"मी तिच्या घरात गेले का? पान्यानं नेलं, पान्याचं हाय."

दोनच काड्या घरट्याजवळून गेल्या. त्यातली एक नराने पकडली. पुढच्या मुठीला चार. त्यानंतर आम्ही तिघी दुपारभर बांधावरचं गवत कापत होतो आणि मूठ-मूठ पाण्यावर सोडत होतो. रुबिनाने "ही माझी, ही माझी काडी घेतली त्याने!" असं ओरडून इतर सगळी पाखरं उडवली. सकाळी दहापर्यंत झोपणारी ही बाई आता मला तिथी विचारायला लागली होती.

द्वितीया

अमावस्येनंतरची दुज म्हणजे उधाणाचा कळस. त्या दिवशी खाडी लवकरच तुंबली आणि साडेबाराला पाणी फळीवरून जोराने आत येऊ लागलं. चांगुणाबाई तळ्यातल्या खुणेच्या खुंटाकडे बघत होत्या. घरटं आता वीतभर उंच होतं, चिखलगवताचा एक ओबडधोबड ढिगारा, आणि पाणी वरून दोन बोटं खाली. खुंटावरची रेघ बुडली म्हणजे तळं भरलं, आणि ती बुडायला अजून चार बोटं हवी होती.

त्यांनी एकदा खुंट पाहिला, एकदा घरटं पाहिलं. "पुरे," म्हणाल्या आणि फळी उचलली.

फळी बसेना. तीन दिवस भिजून फुगली होती. एका खाचेत गेली, दुसरीकडे अडकली. चांगुणाबाईंनी फावड्याने एक दणका घातला आणि फळी मधोमध चिरली. तिरक्या फटीतून पाणी फेसाळत आत घुसलं. घरट्यावरची मादी उठून उभी राहिली आणि ओरडायला लागली. माझ्या डोळ्यांदेखत पाणी काडी-काडी वर चढत होतं.

"खाली उतरा!" चांगुणाबाई ओरडल्या आणि स्वतः आतल्या बाजूने, धारेने खणलेल्या खड्ड्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. फळीला पाठ लावली, पाय खालच्या दगडात रोवले. मी त्यांच्या शेजारी. रुबिनाने एक क्षण नव्या सलवारीकडे पाहिलं, "बिस्मिल्ला" म्हणाली आणि उतरली. तिघींच्या पाठींनी चिरकी फळी खांबाला चिकटली. फट राहिली ती चांगुणाबाईंनी पदराने बुजवली. आमच्या पाठीमागे अख्खी खाडी ढकलत होती आणि समोर तीस पावलांवर ती दोन पाखरं घर बांधत होती.

"किती वेळ?" मी विचारलं.

"पानी फिरंपरत."

रुबिनाच्या पायाला काहीतरी चावलं, चिंबोरी असावी, ती किंचाळली पण हलली नाही. नर तरंगतं गवत पकडत होता, मादी अंगाखाली घालत होती. पाणी वरच्या काड्यांना लागलं. मादीने उठून पोटाखाली मान घातली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. "थांब ना गं," मी मोठ्यांदा म्हटलं, पाण्याला की तिला, मलाच ठाऊक नाही. चांगुणाबाईंनी डोळे मिटले होते. त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली होती आणि ओठ हलत होते.

पाऊण तास झाला असेल. रुबिनाने मान वळवून फळीवरून पलीकडे पाहिलं. "ताई, फेस थांबलाय." मग थोड्या वेळाने, "नाही, फिरलाय! बाहेर चाललाय! मावशी, सुकती लागली!" पाठीवरचा दाब मलाही कमी झाल्यासारखा वाटला. मी हसत होते की रडत होते, कळायला मार्ग नाही, कारण तोंडात खारं पाणी होतंच. मी पाठ काढली. रुबिना बांधावर चढली आणि तिथेच पसरली. चांगुणाबाई मात्र होत्या तशाच उभ्या, फळीला पाठ लावून, डोळे मिटून.

मी गळ्यातली दुर्बीण पुसून डोळ्याला लावली. काचेवर पाणी, आधी काही दिसेना. मग मादी उठली. तिने अंडी फिरवायला मान वाकवली आणि बाजूला झाली.

"किती गो?" चांगुणाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"चार."

"सगली?"

"सगळी, मावशी."

तेव्हा कुठे त्यांनी फळीवरची पाठ काढली.